दोन धावांच्या मधला वेळ: १५ वर्षांखालच्या फुटबॉलपटूंना किती विश्रांती द्यावी?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या एका शाळेचे क्रीडाशिक्षक १५ वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल संघ घेतात, सकाळी होम मैदानावर सराव असतो. ते लिहितात: "शिट्टीवर ३० मीटर जोरात पळायचं, हळू धावत परत यायचं, की लगेच पुढची शिट्टी. असे १० फेरे. पहिले तीन झकास जातात, नंतर मुलं ढेपाळतात. सामन्यातही शेवटच्या दहा मिनिटांत तेच. मधली विश्रांती १५ सेकंद ठेवू, ३० ठेवू की एक मिनिट? आणि लहान मुलं लगेच ताजीतवानी होतात, त्यांना विश्रांती लागत नाही म्हणतात, ते खरं का?"

सर, आकडा विचारलात, तर आकडा आधीच देऊन टाकतो. ३० मीटरच्या धावेनंतर दीड ते दोन मिनिटं द्या. फेरे सहावर आणा. परत येताना पळत नको, चालत येऊ द्या. आठवड्यातले दोन दिवस असं करा. २०-३० सेकंदांची तोकडी विश्रांती हा वेगळाच सराव आहे. तो स्पर्धेआधीच्या महिना-दीड महिन्यात, आठवड्यातून एकदा, आणि तोही सगळ्या मुलांना नाही. आता कारणं सांगतो, कारण ती पटली नाहीत तर पुढच्या सोमवारी तुमची शिट्टी परत जुन्या चालीवर जाईल. माझी गेली होती.

जीव तोडून धाव घेतली की पहिल्या काही सेकंदांत स्नायू श्वासाची वाट बघत बसत नाही. त्याच्या स्वतःच्या गाठीला फॉस्फोक्रिएटिन नावाचा एक साठा असतो, त्यावर तो पळतो. साठा अगदी एवढासा. सहा सेकंदांच्या एका जोरदार धावेत तो जवळपास निम्मा उडतो. मग तो भरतो कसा? आपल्याकडे काही दिवसांच्या खंडाने नळाला पाणी येतं तेव्हा काय होतं आठवा. सुरुवातीला धार जोरात, हौदात बघता बघता पाणी चढतं, आणि मग गल्लीतल्या सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की धार करंगळीएवढी. हौद अर्धा पटकन भरतो, काठोकाठ भरायला मात्र जीव जातो. स्नायूचंही तसंच. मोठ्या माणसांवर झालेल्या मोजमापांत सहा सेकंदांच्या एका धावेनंतर अर्ध्या मिनिटात साठा ७० टक्क्यांच्या आसपास आला होता, ९० टक्क्यांवर यायला तीन मिनिटं लागली. तेच थोड्या थोड्या वेळाने पाच धावा काढल्यावर अर्ध्या मिनिटाने बघितलं तर साठा निम्म्यावरसुद्धा नव्हता. तुमची मुलं तीन फेऱ्यांनंतर ढेपाळतात त्यात त्यांचा आळस नाही, हौद रिकामा आहे.

हा हौद भरतो ऑक्सिजनवर. इथेच हळू धावत परत येण्याची चूक कळते. मुलगा जॉगिंग करत परत येतो तेव्हा आलेला ऑक्सिजन त्या जॉगिंगलाच लागतो, म्हणजे वरून पाणी येतंय आणि खालची तोटी आपण उघडी ठेवलीय. विश्रांती अर्ध्या मिनिटाच्या आसपास असेल तर उभं राहणं किंवा रमतगमत चालणं हेच बरं, असं या विषयावरच्या बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. आपल्याकडे मात्र मुलगा चालताना दिसला की आपल्याला राहवत नाही. "चालतोयस काय, सासुरवाडीला आलास का!" ही आरोळी मी स्वतः किती वेळा ठोकलीय, मोजदाद नाही.

लॅक्टिक ॲसिडवर सगळं खापर फोडायची पद्धत आहे, ती सोडा. पाय जड होण्यामागे स्नायूत साचणारं फॉस्फेट, आम्लता, पोटॅशियमची उलथापालथ अशा बऱ्याच भानगडी एकत्र असतात. मैदानावर आपल्याला त्यातलं काहीच मोजता येत नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी: धावेचं अंतर आणि मधला वेळ.

अंतराचं महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही. स्वीडनमध्ये १९९२च्या सुमारास एक साधा प्रयोग झाला. एकूण ६०० मीटरच पळायचं, विश्रांती प्रत्येक वेळी ३० सेकंद, फक्त तुकडे वेगळे: १५ मीटरचे ४०, ३० मीटरचे २०, ४० मीटरचे १५. पंधरा मीटरच्या चाळीस धावांत वेळ जवळपास ढळली नाही. चाळीस मीटरवाले मात्र स्पष्ट मंदावत गेले. त्याच मंडळींनी ४० मीटरच्या १५ धावा ३०, ६० आणि १२० सेकंदांच्या विश्रांतीने घेऊन पाहिल्या. ३० सेकंदांत सुरुवातीच्या १५ मीटरचा झपाटासुद्धा गेला, एक आणि दोन मिनिटांत तो टिकला. फुटबॉलमध्ये सगळा खेळ त्या पहिल्या दहा-पंधरा मीटरचा. समोरच्या बचावपटूच्या आधी चेंडूपाशी कोण पोचलं, एवढंच तर असतं. मग जो झपाटा आपल्याला हवाय, तोच घालवणाऱ्या पद्धतीने सराव कशाला?

यावर तुम्ही म्हणाल, सामन्यात कोण देतंय दोन मिनिटं? सामना देतो की. मोठ्यांच्या सामन्यांत जोरदार धाव सरासरी दोन ते चार सेकंदांची असते आणि अशा दोन धावांत साधारण दीड मिनिट जातं. अडचण येते ती प्रतिहल्ल्यात, जेव्हा तीन धावा मिनिटभरात एकावर एक येतात. तोकड्या विश्रांतीचा सराव त्या प्रसंगासाठी. तो प्रसंग सामन्यात मोजका येतो, आणि आपण सराव बारा महिने त्याचाच घेतो. ६० सेकंदांच्या आतल्या विश्रांतीने लागोपाठ धावा, आणि त्याहून मोकळ्या विश्रांतीने सुट्या धावा, ही दोन वेगवेगळी कामं आहेत. आज त्यातलं कुठलं करायचंय हे ठरवूनच मैदानात उतरावं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. लहान मुलं लवकर सावरतात हे खरं आहे, पण "लहान" कोण? फ्रान्समध्ये सायकलवर एक प्रयोग झाला होता. दहा सेकंदांचे दहा जोरदार झटके, मध्ये ३० सेकंद, एक मिनिट किंवा पाच मिनिटं विश्रांती. साडेनऊ-दहा वर्षांच्या मुलांची ताकद ३० सेकंदांच्या विश्रांतीतही टिकली. पंधरा वर्षांच्या मुलांची ३० सेकंदांत १८ टक्क्यांच्या वर घसरली, एका मिनिटात १५ टक्के, आणि पाच मिनिटं दिली तेव्हाच ती टिकली. विशीतल्या पुरुषांची ३० सेकंदांत २८ टक्क्यांपर्यंत गेली. लहान मुलाचा स्नायू मुळात कमी जोर लावतो, त्याचं काम ऑक्सिजनवर जास्त चालतं आणि हौदही लवकर भरतो. मिशी फुटली की यंत्रच बदलतं: जोर वाढतो आणि त्याबरोबर भरपाईचा वेळही.

पंधरा वर्षांखालच्या संघात ही दोन्ही यंत्रं एकाच रांगेत उभी असतात. मुलांची वाढीची उसळी सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास येते, पण कुणाला बाराव्याच वर्षी, कुणाला सोळाव्या. मुलींमध्ये हे साधारण दोन वर्षं आधी. त्यामुळे जन्मदाखल्यावर विश्रांती ठरवू नका. शाळेच्या भिंतीवर पट्टी मारून दर तीन महिन्यांनी उंची लिहून ठेवा. कोण उसळीत आहे ते लगेच कळतं. गुडघ्याखालच्या हाडाचा उंचवटा किंवा टाच दुखते म्हणणारी पोरं बहुतेक त्याच यादीत निघतात. त्यांना त्या महिन्यांत धावा कमी द्या आणि मऊ जमिनीवर द्या. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळून दगडासारखी होते. तिच्यावर अशा मुलांना पळवणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

माझ्या वहीतलं एक पान सांगतो. ३० मीटर, सहा धावा, मध्ये ३० सेकंद. एक मुलगा थोराड, आवाज फुटलेला: ४.४, ४.५, ४.६, ४.८, ४.९, ५.० सेकंद. दुसरा चिमणा, बिब गुडघ्यापर्यंत येणारं: ५.१, ५.१, ५.२, ५.२, ५.२, ५.२. घसरणीचं गणित सोपं आहे. सहा वेळांची बेरीज घ्या, सगळ्यात चांगल्या वेळेच्या सहापटीने भागा, त्यातून एक वजा करा, शंभराने गुणा. थोराडची बेरीज २८.२, चांगली वेळ ४.४, तिची सहापट २६.४, म्हणजे घसरण ६.८ टक्के. चिमण्याची ३१.० भागिले ३०.६, म्हणजे १.३ टक्के. नुसते टक्के बघून मी त्या वर्षी थोराडला "स्टॅमिना नाही" म्हणून आणखी पळवलं आणि चिमण्याची पाठ थोपटली. वही नीट बघा. थोराडची सगळ्यात वाईट धाव चिमण्याच्या सगळ्यात चांगल्या धावेपेक्षा वेगवान आहे. ज्याच्याकडे वेग आहे त्याचीच घसरण दिसते. ज्याच्याकडे नाही त्याचं घसरणार काय?

त्या थोराडचं पुढे काय झालं तेही लिहितो. एप्रिल महिना, सकाळचे साडेआठ झालेले, पंधरा-पंधरा सेकंदांच्या विश्रांतीने माझा नववा फेरा चालू. तो म्हणाला, "सर, पाय ओढतोय." मी म्हणालो, "अजून एक, मग बास." त्या एका धावेत विसाव्या मीटरला मांडीच्या मागे हात गेला आणि तो लंगडत बाजूला झाला. हॅमस्ट्रिंग. पाच आठवडे पोरगा बाहेर, स्पर्धा गेली. त्याचे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करून आले होते. मला एक शब्द बोलले नाहीत. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दमलेल्या पायाने पूर्ण वेगाचा हट्ट धरला तर स्नायू दुखावतो, हे मला पुस्तकातून माहीत होतंच. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. मुलाची वेळ त्याच्या चांगल्या वेळेपेक्षा दोन दशांशांनी मागे पडली की वेगाच्या दिवशी त्याच्या धावा संपल्या. "सर, अजून एक मारतो की" म्हणाला तरी नाही.

आता प्रत्यक्ष कसं घ्यायचं. वेगाचा दिवस वॉर्म-अपनंतर लगेच, चेंडूच्या सरावाच्या आधी, पाय ताजे असताना. दहा मीटरला मिनिटभर, वीस मीटरला मिनिट ते दीड मिनिट, तीस मीटरला दोन मिनिटांपर्यंत. एका मुलाचं एकूण अंतर १५० ते २०० मीटरच्या वर नको. तुम्ही म्हणाल चोवीस मुलं, एक स्टॉपवॉच, प्रत्येकाची विश्रांती कोण मोजत बसणार? मोजायची गरजच नाही. खुणेचे चार कोन (शंकू) लावा, प्रत्येक कोनामागे सहा मुलांची रांग. दर १२ सेकंदांनी एक शिट्टी, चारही रांगांतला एकेक पळतो आणि चालत रांगेच्या शेवटी येतो. सहा गुणिले बारा, म्हणजे त्याची पाळी ७२ सेकंदांनी येते. वीस मीटरच्या धावेला ही विश्रांती अगदी बेताची, हवी तितकी. तीसला शिट्टी २० सेकंदांवर न्या. रांगेत पोरं गप्पा मारतील, टपल्या मारतील, मारू द्या. बाहेरून बघणारे पालक म्हणतील सर मुलांना नुसतं उभं करतात. त्यांना हौदाची गोष्ट सांगा.

दुसऱ्या प्रकारचा दिवस तोकड्या विश्रांतीचा, स्पर्धेआधीच्या महिना-दीड महिन्यातला. तो फक्त उसळी ओलांडलेल्या मुलांना, आणि आधी निदान सहा-आठ आठवडे वेगाचा सराव झालेला असेल तर. १५ मीटर जाऊन वळून १५ मीटर परत, अशा पाच किंवा सहा धावा, मध्ये २० ते ३० सेकंद उभ्याने. मग चार मिनिटं पूर्ण मोकळीक, पाणी. असे दोन सेट, फार तर तीन. इथे घसरण होणारच, ती अपेक्षितच आहे. पण वेळ सहा-सात टक्क्यांच्या वर घसरली, म्हणजे ज्याची चांगली वेळ ६ सेकंद आहे तो ६.४ च्या पुढे गेला, की त्याचा सेट तिथेच थांबवा. त्यापुढे पोरगं वेगाचा नाही, वेदना सहन करायचा सराव करत असतं.

बारा वर्षांखालच्यांना या भानगडीत पाडूच नका. त्यांना खो-खो खेळवा. नीट बघितलंत तर खो-खोचा पाठलाग म्हणजे मोजून दिलेला वेगाचा सरावच: काही सेकंद जीव खाऊन पळायचं, खो द्यायचा, बसायचं, परत खो मिळेपर्यंत दम खायचा. वळणं आहेत, अचानक सुटणं आहे, आणि शिट्टीवाल्या सरांचा कंटाळाही नाही. माझ्या पाहण्यातली चपळ विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने पळणारी पोरं बरीचशी खो-खोतून आली.

सामन्यातल्या शेवटच्या दहा मिनिटांबद्दल. त्याचा मधल्या विश्रांतीशी संबंध आहे, पण सगळा नाही. दोन धावांमध्ये हौद किती लवकर भरतो हे मुलाच्या दमसासावरही अवलंबून असतं, आणि तो दमसास चार विरुद्ध चारच्या छोट्या खेळांतून चांगला वाढतो. चार मिनिटं खेळ, दोन मिनिटं थांबा, असे चार डाव, बाहेर गेलेला चेंडू लगेच आत टाकायला कडेला एक राखीव मुलगा. मैदानाला फेऱ्या मारण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. दुसरं, सकाळी पोरं काय खाऊन येतात विचारा. कपभर चहा आणि दोन खारी, एवढ्यावर तासभराचा सामना निघत नाही. आदल्या रात्री भाकरी-भात पोटभर, सकाळी तासभर आधी एखादं-दोन केळी, एवढं जमलं तरी फरक दिसतो. कडक भाकरी आणि शेंगा चटणी सामन्यानंतर खा म्हणावं, आधी नको, तहान लागते.

आणि ऊन. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. स्नायू कोमट असला तर एखादी धाव चांगलीच जाते, पण अंग आतून तापलं की लागोपाठच्या धावा कोसळतात. उन्हात उभं केलेल्या मुलाला तुम्ही दोन मिनिटं दिलीत तरी ती विश्रांती धरता येत नाही. रांगेचा शेवट झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत येईल अशा दिशेने कोन लावा. मार्चपासून सराव सहाला सुरू करून साडेसातला संपवा. उन्हाळी सामन्यात पंचांना आधीच विचारून ठेवा. फुटबॉलच्या नियमांत पाणी पिण्यासाठी मिनिटभराचा आणि उकाड्यात गार होण्यासाठी दीड ते तीन मिनिटांचा थांबा स्पर्धेच्या नियमावलीतून देता येतो. मुलांच्या स्पर्धांत बाहेर काढलेला खेळाडू परत आत आणायची मुभाही ठेवता येते. तुमच्या स्पर्धेत ती असेल तर तुमच्या वेगवान विंगरला दुसऱ्या सत्राच्या मध्यावर सहा-सात मिनिटं बसवा आणि शेवटच्या दहा मिनिटांसाठी परत सोडा. नियमपत्रक न वाचणाऱ्या संघांवर असे गोल मी पाहिलेत.

मोजमापातल्या दोन खोड्या सांगून ठेवतो. हाताच्या स्टॉपवॉचला एक-दोन दशांशांची चूक होतेच, म्हणून एका दिवसाच्या एका दशांशावर कुणाला शाबासकी देऊ नका, कुणाला रागावूही नका. वेळ घेणारा माणूस मात्र दर वेळी तोच ठेवा. दुसरं, सहा धावा आहेत हे कळलं की हुशार पोरं पहिलीच धाव हात राखून काढतात, म्हणजे पुढे घसरण दिसत नाही. त्यावर उपाय असा की आधी एक सुटी धाव घ्या, पाच मिनिटं थांबा, मग सेट सुरू करा. सेटमधली पहिली धाव सुट्या धावेपेक्षा अडीच टक्क्यांहून जास्त मागे असेल, तर काहीही न बोलता तो सेट रद्द. पाच मिनिटं बसवा, पुन्हा पहिल्यापासून. दोनदा असं केलं की तिसऱ्यांदा कुणी हात राखत नाही.

आणि जानेवारीत होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा लागली की तुमचा सराव दुसरीकडे हलणार, कुठे मुरूम असेल, कुठे गवत. त्या दिवसांतल्या वेळा वहीत वेगळ्या पानावर लिहा. मुरमावर वळताना पाय सरकतो, दोन-तीन दशांश तिथेच जातात, आणि डिसेंबरच्या आकड्यांशी ताडून बघितलंत तर पोरं उगाच मंदावल्यासारखी वाटतील.